वानखडे सरांचं बोट

परवा लेकीशी फोनवर बोलत होते. ती टोरंटोला, मी इथे सांगलीत. बोलता बोलता माझाच आवाज फोनमधून मला परत ऐकू यायला लागला, जरासा उशिरा. मी "अगं, लोणचं पाठवलंय" म्हणाले की पाठोपाठ कानात "लोणचं पाठवलंय". दुसऱ्या वाक्याला माझी जीभ अडखळली आणि तिसऱ्याला मी चक्क तोतरी झाले. लेक हसत सुटली. "आई, काय होतंय तुला?" मी फोन ठेवून दिला आणि बराच वेळ धुमसत बसले. लेकीवर नाही, फोनवरही नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी चंदीगडमध्ये एका माणसानं हेच, अगदी हेच, चारचौघांत करून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी मिळून त्याला पाणी प्यायला दिलं होतं.

ते वानखडे सर. मधुकर वानखडे, दर्यापूरकडचे.

माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारची बदलीची नोकरी, म्हणून आम्ही चंदीगडला. त्या काळात सेक्टर चौतीसमध्ये कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या मधूनमधून 'सॉफ्टवेअर' अशा पाट्या उगवायला लागल्या होत्या. त्यातल्या एका कंपनीत मला काम मिळालं. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, जी कोणी उघडूनही बघत नाही, ती लिहायचं. कंपनीचे मालक चड्ढा. आधी त्यांचं सेक्टर सतरात टीव्हीचं दुकान होतं, मग देशाची दारं उघडली आणि चड्ढा एकाएकी 'सीईओ' झाले. तोंडावर साखर, आणि केसानं गळा कापायची तयारी. असो. त्यांच्याबद्दल मी एवढंच चांगलं बोलू शकते, की ते पगार वेळेवर द्यायचे.

पहिल्या दिवशी टेबलाशी बसते न बसते तोच पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." मी दचकलेच. खालच्या मजल्यावर कोचिंगवाला माइक लावून फिजिक्स शिकवतोय, खिडकीबाहेर छोले-कुलचेवाला ओरडतोय, आणि इथे बेचा पाढा! उठून पाहिलं तर एक उंच, काटक गृहस्थ अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून डोळे मिटून बसलेले. समोर संगणक आणि लहानसा स्पीकर. उजव्या हाताची तर्जनी टेबलावर पडतेय, 'बे'वर एक ठोका, 'दुणे'वर एक, 'चार'वर एक. मध्येच स्पीकरमधून बारीक 'टिक्' असा आवाज आला आणि बोट हवेतच थांबलं.

"पाढे म्हणताय तुम्ही?" मी न राहवून विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "मराठी हाय का तुम्ही? बसा ना बाई. टिक ऐकली का?"

"ऐकली."

"कोठी होती? चारच्या आदी का मागून?"

"इतकं नाही बाई कळलं मला."

"आदी होती. थांबा, पुन्हा लावतो."

अशी आमची ओळख. नाव काय, गाव कुठलं, हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. तोवर मी टिक कुठे येते ते सांगण्यात गुंतले होते.

त्या पाढ्यातला आवाज त्यांचाच होता. स्वतःच रेकॉर्ड करून ठेवला होता. बाकीची मुलं चाचणीला गाणी लावायची. सरांना ते पटायचं नाही. "गाणं चूक झाकून घेते. पाढा काही झाकत नाही. अन् पाढा मले झोपेतबी येते, कोणता शब्द कधी पडाले पायजे ते बोटाले ठाऊक हाय." दिवसभर तो पाढा चालू. दिवाळीपर्यंत अख्ख्या ऑफिसला पाठ झाला. गगनदीप नावाचा आमचा एक सरदार मुलगा सामोसे मागवताना विचारायचा, "कितने मँगवाऊँ? बे पंचे दहा?" आणि सगळे हसायचे. सरही हसायचे. त्यांना वाटायचं, मुलं शिकतायत.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. कंपनी परदेशातल्या एका ग्राहकासाठी एक पेटी बनवत होती, संगणकाला जोडायची. ज्या मुलांना अगदी थोडंसंच ऐकू येतं त्यांनी माइकमध्ये बोलायचं, आणि त्यांचाच आवाज मोठा होऊन कानाला लावलेल्या हेडफोनमधून त्यांना ऐकू यायचा. आपण काय बोललो ते कानावर पडलं की मूल बोलणं सुधारत जातं, ही कल्पना. पेटीतून आवाज आत-बाहेर नेणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो सर लिहीत होते. पहिल्या पेट्या शहराबाहेरच्या एका मूकबधिर शाळेत जाणार, तिथं नीट चाललं की ग्राहक मोठी ऑर्डर देणार. सगळं गाडं अडलं होतं त्या टिकवर.

"ही टिक येते तरी कशानं?" मी विचारलं. मला पुस्तिकेत लिहायचं होतं.

सरांनी मला पंगतीवरून समजावलं. "पाहा बाई. हे आवाजाचं कार्ड म्हंजे जेवणारा. आपला प्रोग्राम वाढणारा. मधात पत्रावळ, तिले बफर म्हंतेत. वाढणाऱ्यानं उशीर केला तं जेवणाऱ्याचा हात रिकाम्या पत्रावळीवर पडते. तेच टिक."

"मग भरपूर वाढून ठेवा की आधीच!"

ते खूश झाले. हाच प्रश्न त्यांना हवा होता. "ढीग वाढला तं टिक जाईन. पण आता वाढलेली जिलबी तो कधी खाईन? खालचा भात सरल्यावर. लेकरू आता बोललं अन् त्याले मागून ऐकू आलं, तं ते काय शिकन? तुमचाच आवाज तुमाले उशिरा ऐकू आला तं तुमी बोलू शकान का? मोठा माणूस तोतरा होते, बाई. लेकरू तं गप्पच बसन." पत्रावळ लहानच ठेवायची आणि टिकही येऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट होता. तसं होत नव्हतं, आणि का होत नव्हतं ते सापडत नव्हतं.

या पेटीसाठी सरांनी सरकारी प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडली होती, ऐन पन्नाशीला आल्यावर. नोकरीबरोबर सेक्टर तीसमधलं क्वार्टर गेलं, अंगणातला कढीपत्ता गेला, आणि मोहालीत एका घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्या नशिबी आल्या. त्यांच्या बायकोचा, कुसुमताईंचा, या गोष्टीवरून त्यांच्यावर कायमचा राग. मी एकदा गेले होते तर गरम भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "यायले मशीनमधली टिक ऐकू येते, माहं तेवढं ऐकू येत नाही." पोरगा कॉलेजात. तो मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीतच. "पापा, छोड़नी ही थी तो बंगलौर जाते ना यार!" सर खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होते. ते हात धुवायला उठले तेव्हा कुसुमताई हळूच बोलल्या, "यायची धाकटी बहीण बहिरी होती. कोनं बोलाले शिकवलंच नाही तिले. मुकीच गेली बिचारी." सरांनी स्वतः या बहिणीचं नाव कधी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणजे माणूस देवमाणूस वगैरे होता असं समजू नका. भयंकर होता! आम्हा मराठी घरांचा गणपती बसायचा. बँकवाले, सरकारी बदलीवाले, इस्पितळातले डॉक्टर, सगळे एका हॉलमध्ये जमायचे. एका वर्षी मांडववाल्यानं पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे स्पीकर लावले आणि मागच्याला आवाज घुमवणारं काहीतरी यंत्र जोडलं. आरती सुरू झाली. डॉक्टर गोडबोल्यांच्या हातात तबक, बायका टाळ्या वाजवतायत, आणि सरांनी हात वर करून आरोळी ठोकली, "थांबा!"

"अहो वानखडे, आरती मध्येच थांबवत नाहीत!" डॉक्टर कळवळले.

"मंग चुकीची चालू द्याची का? मागच्यायले एक टाळी उशिरा ऐकू येऊन राहिली." आणि सरळ जाऊन मागच्या स्पीकरची वायर उपटली. आता मागे पोरांच्या कलकलाटात काहीच ऐकू येईना. सर मात्र मागच्या भिंतीला टेकून उभे. पुढे गणपतीशेजारी इकडे तोंड करून उभ्या असलेल्यांच्या ओठांकडे बघत बोटानं भिंतीवर ठोके देत होते, आणि आरती संपल्यावर समाधानानं म्हणाले, "आता कसं, सारे संगं म्हनून राहिले." त्या दिवशी प्रसादाला त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. कुसुमताई तर पुढल्या वर्षी आल्याच नाहीत. बरोबर असणं आणि शहाणं असणं यात फरक असतो, हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

परदेशी पाहुणे यायची तारीख ठरली. सर म्हणाले, मला अजून थोडे दिवस द्या, टिकचा चोर जवळच आहे. चड्ढा गोड हसले आणि काम भाच्याकडे दिलं. भाचा विकी. जेल लावलेले केस, नवा मोबाइल. त्यानं काय करावं? शोधलं-बिधलं काही नाही. प्रोग्राममधला एक आकडा वाढवला, बस्स. पत्रावळीवर ढीग वाढला. टिक गेली! ऑफिसात टाळ्या, पेस्ट्री, विकीच्या पाठीवर थापा. सरांनी पाढा लावला, डोळे मिटून पूर्ण ऐकला. नुसता ऐकायला खरंच स्वच्छ होता. मग त्यांनी हेडफोन कानाला लावून माइकमध्ये दोन शब्द म्हटले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"याले देऊ नका शाळेत," ते चड्ढांना म्हणाले. मग हिंदीत, "बच्चा बोलना बंद कर देगा, सर."

"वानखड़े जी, आवाज़ साफ़ है कि नहीं?"

"साफ़ है. मगर देर से है."

"इतनी सी देर से क्या होता है जी? हमारी तो गाड़ियाँ घंटा-घंटा लेट आती हैं!" सगळे हसले.

पाहुणे आले, दोघं. त्यांना सीडीवरचं संगीत ऐकवलं. माना डोलावल्या, छान छान म्हणाले. ते ज्यासाठी आले होते ती गोष्ट, म्हणजे माइकमध्ये बोलून पाहणं, कोणी केलंच नाही. चहाची किटली आत आली आणि तेवढ्यात सर उठले. कोणाला न विचारता पुढे गेले, हेडफोन लावला, माइक हातात घेतला आणि मोठ्यांदा सुरू केलं, "बे एके बे. बे दु… बे दुणे… दुणे चा…"

जो पाढा त्यांना झोपेतही यायचा तो त्यांना येईना. मानेच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं. त्यांचं बोट माइकवर ठोके द्यायला बघत होतं आणि चुकत होतं. "बे… त्रि… त्रि…" मला बघवेना. आणि त्यांना तर हे होणार हे ठाऊक होतं! हाच तर पुरावा होता. स्वतःची फजिती करून ते पुरावा देत होते. मग त्यांनी हेडफोन काढून एका पाहुण्यापुढे धरला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत विनवलं, आता तुम्ही बोला, एकदाच बोला.

पाहुण्यानं तो घेतला असता, घेतलाच असता. पण चड्ढा मध्ये आले, सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत हसत सांगितलं, आमचे वानखडे जुने, सरकारी माणूस, मोठ्या लोकांसमोर घाबरतात. पाहुण्याच्या चेहऱ्यावर अशी कणव आली म्हणता! त्यानं स्वतः उठून सरांना पाण्याचा ग्लास दिला. विकीनं खुर्ची ओढली. सर ग्लास हातात धरून उभे राहिले, पाणी प्यायलेच नाहीत. त्या गोऱ्या माणसानं एकदा, फक्त एकदा, हेडफोन कानाला लावून 'हॅलो' म्हटलं असतं तर! अजून माझी चिडचिड होते.

मी चड्ढांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, सर घाबरले नव्हते, ते दाखवत होते. चड्ढांनी ऐकून घेतलं. "माने जी, आप मैन्युअल बहुत अच्छा लिखती हैं. चाय लेंगी?"

चोर त्यानंतर लवकरच सापडला. सरांनी मला हाताला धरून टेबलाशी नेलं, एरवी कधी ते असं करायचे नाहीत. "सापडला बाई! हा जेवणारा खोटारडा हाय. घास हातात घेतला की लगेच 'खाल्ला' म्हनून सांगते. आपण भरोसा ठेवून त्याच जागी नवीन वाढतो, अन् हातातला घास खराब होते." कार्ड आवाज नुसता उचलायचं आणि वाजवला असं कळवायचं, एवढीच भानगड. सरांनी त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. पत्रावळ लहान, टिक नाही, उशीर नाही. मी हेडफोन लावून माझीच पुस्तिका घडाघडा वाचून दाखवली. गगनदीपनं सरांच्या पायाला हात लावला.

चड्ढा म्हणाले, "अब तो माल चला गया जी. ग्राहक खुश है. अब छेड़ना नहीं." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सरांना त्यांनी प्रिंटरच्या तक्रारी बघायच्या कामाला लावलं, आणि विकी झाला विभागप्रमुख. सर थोडे दिवस प्रिंटरमधले अडकलेले कागद काढत होते. मग एका सोमवारी आलेच नाहीत. त्यांच्या संगणकावरचा पाढा विकीनं पुसून टाकला. ऑफिस शांत झालं आणि मला त्या शांततेचा संताप यायचा.

थोड्याच महिन्यांत शाळेकडून तक्रार आली, मुलं पेटी वापरत नाहीत. चड्ढांनी मला पाठवलं, शिक्षकांना पुस्तिका समजावून द्यायला. मी गेले. मुलं रांगेत बसवलेली, कानावर मोठाले हेडफोन. बाई म्हणाल्या, बोलो. एक-एक मूल तोंड उघडायचं, एक शब्द काढायचं, दचकायचं आणि गप्प व्हायचं. हरलीन नावाची दोन वेण्यांची एक चिमुरडी होती, सात-आठ वर्षांची. तिनं तर हेडफोन काढून बाकाखाली ढकलला आणि वर हात बांधून बसली. प्रिन्सिपल बाई मला म्हणाल्या, "बच्चे ही ज़िद्दी हैं जी. मशीन तो इतनी महँगी है." मुलांना ओरडा बसत होता! ज्या पेटीनं त्यांना मुकं केलं तिच्यासाठी त्यांनाच ओरडा बसत होता. मी बोलले, पुष्कळ बोलले. प्रिन्सिपल बाईंनी मान डोलावली आणि पेटीवरची कंपनीच्या सीलची पट्टी दाखवली. कंपनी सांगेल तेव्हाच उघडू.

तिथून मी सरळ मोहालीला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. कुसुमताई म्हणाल्या, "काहाले सांगता बाई यायले? आता झोप गेली यायची." दुसऱ्या दिवशी सर दुरुस्त ड्रायव्हरची फ्लॉपी खिशात घालून स्कूटरवर शाळेत हजर. प्रिन्सिपल बाईंनी यंत्राला हात लावू दिला नाही. कंपनीला फोन केला, कंपनीनं सांगितलं की हा माणूस आता आमचा नाही. मग सरांनी दुसरंच काही मागितलं. यंत्र राहू द्या, आठवड्यातून एकदा एका मुलाजवळ बसू द्या. बाईंना त्यात धोका दिसला नाही. त्यांनी हरलीनच दिली, सगळ्यात हट्टी म्हणून.

एका शनिवारी मी पाहायला गेले. व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसलेली. तिचा एक तळहात सरांच्या गळ्यावर, दुसरा तिच्या स्वतःच्या गळ्यावर. सर बोलत होते, गळा थरथरत होता, तो थरथराट तिच्या हाताला लागत होता. मग तिची पाळी. आपल्या गळ्यात तसंच थरथरेपर्यंत ती जोर लावायची. सरांचं बोट बाकावर ठोके देत होतं. मला बघून म्हणाले, "याच्यात पत्रावळच नाही बाई. बोललं की लागलंच हाताले." त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात हरलीन बोलली. घोगरं, जाडं, पण बोलली.

शाळेचं वार्षिक संमेलन होतं. सरांनी मला मुद्दाम बोलावलं, कुसुमताईंनाही आणलं. हरलीनचे वडील, मोठे पगडीवाले गृहस्थ, आई, आजी, सगळे पुढच्या रांगेत. पोर स्टेजवर आली, एक हात गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

स्पष्ट! दहापर्यंत म्हणाली, एकही अक्षर न खाता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि पुढच्या रांगेत सगळे एकमेकांकडे बघतायत. आजीनं पंजाबीत विचारलं, "की कैंदी ए कुड़ी?", पोरगी म्हणतेय तरी काय. वडील प्रिन्सिपलकडे वळले. "मैडम जी, ये कौन सी बोली है? हमारी बच्ची पहली बार बोली, और हमें ही समझ नहीं आई?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अहो, या माणसानं डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जाणारी टिक महिनोन् महिने शोधली, आणि पंजाबी घरच्या पोरीला आपण मराठी शिकवतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही! "मले सुचलंच नाही वो," ते पुटपुटले. "मले वाटलं, पाढाच तं हाय." कुसुमताईंनी कपाळाला हात लावला. मला एकाच वेळी त्यांची कीव आली आणि असा राग आला, की गदागदा हलवावं त्यांना! जन्मभर ठोका बरोबर पडतोय की नाही ते पाहिलं, ऐकणारा कोण आहे ते एकदाही नाही.

वडील तसे भले. ते म्हणाले, बोली तो सही, बाकी हम सिखा लेंगे. पण प्रिन्सिपल बाईंना पाहुण्यांसमोर झालेला अपमान गिळवेना. आम्ही इथे हिंदी शिकवतो, बाहेरच्या माणसानं मुलीच्या डोक्यात गोंधळ घातला, असं म्हणून त्यांनी सरांना यायची बंदी केली. ज्या पेट्यांनी सगळी शाळा गप्प केली त्या तिथेच राहिल्या, आणि ज्यानं एक मूल बोलतं केलं त्याला दार बंद. सरांनी हिंदी आकडे शिकवतो म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही.

सरांचं गावी परतायचं ठरलं तेव्हा ते एकदा मला म्हणाले, "बाई, तुमी याल का शाळेपर्यंत? एकट्याले फाटकावर उभं राहू देत नाही तो चौकीदार." मी गेले. मधल्या सुट्टीची वेळ. फाटकाच्या सळ्यांतून दूरवर मैदान दिसत होतं. रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रक, कर्णे, स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. सर स्कूटरला टेकून उभे होते.

हरलीननं त्यांना पाहिलं. ती धावत आली नाही, मध्ये शाळेची आया उभी होती. ती होती तिथेच थांबली, एक हात उचलून गळ्यावर ठेवला आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज आमच्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. मी सरांकडे वळले. त्यांचे डोळे तिच्या ओठांवर, आणि उजव्या हाताची तर्जनी स्कूटरच्या सीटवर पडत होती. ओठ मिटले की ठोका, ओठ उघडले की ठोका. पुढे नाही, मागे नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. एकही ठोका चुकला नाही.

"काय म्हणाली?" मी ओरडून विचारलं.

"बे दाहे वीस," ते म्हणाले.

आया आली, हरलीनचा गळ्यावरचा हात ओढून खाली केला आणि तिला वर्गाकडे घेऊन गेली. सरांचं बोट सीटवर तसंच टेकलेलं होतं. मग त्यांनी हेल्मेट चढवलं आणि मला म्हणाले, "चला बाई, तुमाले बसस्टॉपवर सोडतो."